मांडवगणातला समुद्र

"परत गळतंय! आता काय म्हणावं या कर्माला!"

बापूसाहेब फरशीवर उकिडवे बसले होते. काचेच्या मोठ्या टाकीखालच्या पांढऱ्या पाइपावर, वळणावरच्या एल्बोच्या जोडाला, खाऱ्या पाण्याचा थेंब धरला होता. नदीवरून पार उसापर्यंत पाइपलाइन आणलेला हा माणूस, आणि घरातल्या हातभर पाइपानं त्याच्या नाकी नऊ आणले होते.

अनुपमा, त्यांची एकुलती एक लेक, फडकं घेऊन आली. "ज्यानं जोडलंय त्या म्हाळूलाच बोलवावं लागंल, आबा."

"त्यो कशाला? आपला तात्याबा मेला का काय?"

गावातला तात्याबा फिटर आला, वाकून बघितलं आणि उठला. "न्हाई बा. दुसऱ्यानं सोल्युशन लावून चिकटवलेल्या जोडाला मी हात लावत न्हाई. उद्या फुटलं तर नाव माझं व्हायचं. ज्यानं केलंय त्यालाच आणा."

गावोगावच्या फिटरांची ही रीतच. तिथं सोसायटीच्या चेअरमनकीचा रुबाबही चालत नाही. बापूसाहेबांनी मुकाट्यानं जीप काढली आणि म्हाळूला आणायला खुटबावला निघाले. अलीकडं हे नेहमीचंच झालं होतं.

तशी त्यांना माशा-बिशांची हौस कुठली! पण पुण्यात शिकणारी अनुपमा एका पोराच्या मोटरसायकलवर दिसली, असं एका पाहुण्यानं त्यांच्या कानात सांगितलं आणि बापूसाहेबांच्या पायाखालची वाळू सरकली. पोराचं नाव काही केल्या पोरीनं सांगितलं नाही. शेवटी शिक्षण अर्धवट सोडवून तिला घरी आणलं. फोनच्या डायलला कुलूप घातलं. पोस्टमनला फाटकातच अडवायला लागले. शिरूरचं बड्या घरचं स्थळ जमलं, पत्रिकाही वाटून झाल्या. आता लग्न पार पडेपर्यंत ते पोरगं पोरीला भेटता कामा नये, एवढाच त्यांना ध्यास. कुत्रं भुंकलं तरी ते फाटकापर्यंत जाऊन येत.

पोरगी लग्नाला हो म्हणाली, पण अट घातली. लग्न होईपर्यंत घरात समुद्र पाहिजे, खाऱ्या पाण्याची टाकी करून. कॉलेजात ती प्रवाळांचा अभ्यास करायची. बापूसाहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. टाकी तर टाकी, पोरगी डोळ्यांसमोर राहील. खुटबावला असल्या टाक्यांचं काम जाणणारा फिटर आहे, हेही तिनंच सांगितलं.

म्हाळू त्यांना पहिल्याच दिवशी पटला. नाव म्हाळू, बाप मेंढरं सोडून शेतीला लागलेला, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बोटांना सोल्युशन चिकटलेलं. अनुपमाकडं मान वर करून बघायचासुद्धा नाही. बापूसाहेब त्याला तिथंच ठेवून बिनघोर शेतावर जात.

आज मात्र ते जवळ बसून राहिले.

"मला एक सांग, म्हाळू. पाणी टाकीतनंच घ्यायचं आन् टाकीतच सोडायचं. मग त्या पंपाला दमवायचं कशापायी?"

म्हाळू पाइप कापत राहिला. उत्तर अनुपमानं दिलं. "प्रवाळ जागचं हलत न्हाई, आबा. दगडाला जखडलेलं असतंय. पाणीच फिरून फिरून त्याच्याकडं आलं पायजे, तवा ते जगतं."

"असंय व्हय!" बापूसाहेबांना काही ते फारसं पटलं नाही. मग ते म्हाळूकडं सरकले. "तू टाक्यांच्या कामापायी पुण्यात हिंडतोस. कॉलेजची पोरं लई चवचाल असत्यात का रं?"

"मला तर चांगली भेटली, बापूसाहेब."

"तू भोळा हायस लेका," बापूसाहेब म्हणाले आणि त्याला जेवायला बसवलं.

जेवून उठल्यावर म्हाळूनं जोड पक्का केला, पंप सुरू केला. टाकीत पाणी घुसळायला लागलं. फरशी कोरडी ठणठणीत राहिली. आता प्रवाळ तेवढं आणायचं होतं. मुंबईहून रेल्वेनं खोकं त्याच संध्याकाळी दौंडला येणार होतं आणि ते जिवंत आहे का, हे अनुपमालाच उघडून बघावं लागणार होतं.

दौंडचं नाव ऐकताच बापूसाहेब सावध झाले. दौंड म्हणजे जंक्शन. तिथून माणूस कुठंही जाऊ शकतो, कुठूनही येऊ शकतो. त्या पोराला सुगावा लागला असला तर? स्वतः जावं, तर शिरूरचे पाहुणे साड्या घेऊन यायच्या वाटेवर होते. त्यांच्यासमोर यजमान गैरहजर कसा राहणार?

त्यांनी म्हाळूला बाजूला घेतलं.

"तूबी जा संगं. पोपटराव जीप चालवंल, पण त्यो बसंल बाहीर बिड्या फुकत. तू पोरीजवळून हलायचं न्हाई. पुण्याचं एक पोरगं तिच्या मागं हाय. दिसलं, की मला फोन कर. माझ्या घराची अब्रू हाय ही."

"करतो फोन," म्हाळू म्हणाला. "शब्द देतो."

पाहुणे आले, साड्या दाखवून, चहा पिऊन गेले. जीपचा पत्ता नव्हता. बापूसाहेब फाटकापर्यंत गेले, परत आले, टाकीसमोर बसले, पुन्हा उठले. एवढ्यात फोन वाजला.

"दिसला, बापूसाहेब," म्हाळूचा आवाज आला. "त्यो पुण्याचा."

बापूसाहेबांचं डोकं सणकलं. "कुठं हाय त्यो?"

"हितंच, स्टेशनात. अनुपमाजवळ उभा हाय."

"धरून ठेव त्येला! काय वाट्टेल ते हुंदे, सोडू नगंस!"

पलीकडं गाडीची शिट्टी झाली. फोन या हातातून त्या हातात गेल्यासारखा खरखरला.

"न्हाई सोडणार, आबा," अनुपमा म्हणाली. "म्हाळूला मी पुण्यातबी सोडला नव्हता."