दोन हवेत, तिसरी केसांत

चिटपाखरू नसलेल्या त्या ग्रहावर यान अलगद उतरलं आणि आमच्या न्हाव्याच्या दुकानात टाळ्यांचा कडकडाट झाला. अर्धे केस कापून झालेले मास्तर तर खुर्चीतून उठून नाचलेच.

मग टीव्हीवर तिथला पहिला आवाज ऐकवला. आधी नुसता वारा.

मग कच, कच... कच्च.

आम्ही सगळे न्हाव्याकडे वळलो. त्याची कात्री कंगव्याशेजारी पडलेली होती.

"दोनदा हवेत, तिसऱ्यांदा केसांत," तो हळूच म्हणाला. "आमच्या बाबांची सवय. त्यांना जाऊन पाच वर्षं झाली."

पुन्हा कच, कच... कच्च.

न्हाव्याचा चेहरा उजळला. मास्तरांना खुर्चीत बसवत त्यानं समाधानानं कापड झटकलं.

"तिसरी केसांतच चालली, मास्तर. चला, बाबांना तिथंही गिऱ्हाईक मिळालं."