टिकलेली

"गुच्छ असा उजव्या हातात धर," भाऊ मुलीला सांगत होते. "पंजा पूर्ण झाकला पाहिजे. हां, आता बरोबर."

तेवढ्यात मॅडम रंगमंचामागच्या खोलीत शिरल्या. बाहेर सभागृह गच्च भरलं होतं. तरुण पोरांना काम शिकवून नोकरीला लावणारी राज्यभरातली माणसं आज जमली होती. त्यांच्या संघटनेचं वार्षिक अधिवेशन होतं. भाऊ अध्यक्ष. यंदाच्या उत्कृष्ट प्रशिक्षकाचा मान मॅडमना मिळणार होता, आणि त्याआधी त्यांचीच ही विद्यार्थिनी चार शब्द बोलणार होती.

"किती वाळलीस गं," म्हणत मॅडमनी तिला जवळ घेतलं. गुच्छ मधे येत होता म्हणून तो काढून खुर्चीवर टाकला. मुलीने हात चटकन पाठीमागे नेला. मॅडमनी तो धरून पुढे आणला.

पहिली दोन बोटं मुळापासून नव्हती. वरची कातडी अजून गुलाबी होती.

"कशाने?"

"पत्रा दाबायच्या प्रेसवर," मुलगी म्हणाली. "कामाला लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात."

"प्रेसला गार्ड असतो. हात आत असला तर मशीन खाली येतच नाही."

"काढून ठेवलाय. गार्ड लावला की माल कमी निघतो."

मॅडमनी भाऊंकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं."

"हळू बोल. हिच्या कारखान्याचे साहेब पहिल्या रांगेत बसलेत." भाऊंनी दार लोटलं. "दवाखान्याचं सगळं त्यांनी केलं. हिला परत घेतलं, पॅकिंगला. आजचं भाषण झालं की कायम करणार आहेत. आणखी काय करायचं माणसाने?"

"आणि आपल्या अहवालात ही कुठे आहे?"

"नोकरीत टिकलेली."

"दोन बोटं देऊन टिकलेली."

"आपण माणसं मोजतो बाई, बोटं नाही मोजत." बोलून गेल्यावर भाऊंनाच ते कसंसं वाटलं असावं. त्यांनी चष्मा काढला आणि उगाच पुसत बसले. "पुढची अख्खी तुकडी घेतायत ते. तुझीच पोरं आहेत. घरी बसवायचीत का त्यांना?"

हे काम मॅडम भाऊंच्याच हाताखाली शिकल्या होत्या. एका कारखान्याने पोरांना प्यायला पाणी दिलं नाही म्हणून हाच माणूस दिवसभर त्याच्या फाटकात ठाण मांडून बसला होता. आता तो खुर्चीवरच्या गुच्छाची चुरगळलेली फुलं सारखी करत होता.

"तू जाऊ नकोस बाहेर," मॅडम मुलीला म्हणाल्या. "मी जाते. काय बोलायचं ते मी बोलते."

"नको."

"घाबरतेस कशाला? मी आहे ना."

"कुठे आहात?" मुलीने आवाज चढवला नाही. "उद्या मला काढलं तर दुसरीकडे लावाल? या हाताने? सांगा ना मॅडम, नोकऱ्या तुम्हीच लावता. कोण घेईल मला?"

मॅडम मनातल्या मनात एकेक कारखाना फिरून आल्या. सगळीकडची दारं त्यांना तोंडपाठ होती. त्यातलं एकही उघडलं नाही.

"मग माझा विषय काढू नका," मुलगी म्हणाली. तिने गुच्छ उचलला, भाऊंनी दाखवला होता तसाच धरला, आणि पडद्यापलीकडे गेली.

ती छान बोलली. पाठ ताठ, नजर समोर, वाक्य संपलं की श्वास. मॅडमनी वर्गात हे तिच्याकडून घोटून घेतलं होतं. मालकाविषयी वावगा शब्द काढायचा नाही, हेसुद्धा त्यांनीच शिकवलं होतं. कारखान्याला ती आपलं दुसरं घर म्हणाली. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. भाऊंनीही केला.

ती आत आली तेव्हा घामाने निथळत होती. गुच्छ तिने कोपऱ्यात भिरकावला.

"जमलं ना, मॅडम? तुम्ही शिकवलंत तसं?"

तिचे डोळे कोरडे होते आणि त्यात राग होता. साहेबांवरचा असेल, भाऊंवरचा असेल, पण ती बघत होती मॅडमकडे. मॅडमनी मान खाली घातली.

बाहेर त्यांच्या नावाचा पुकारा झाला.

"जा," भाऊ म्हणाले. "आणि कृपा करून तमाशा करू नकोस."

"हिचा विषय काढणार नाही मी. तसं कबूल केलंय," मॅडम म्हणाल्या. खरं तर कबूल केलेलं नव्हतं, ते आत्ता केलं. "पण कुठल्या फाटकात पोरं पाठवायची, ते मी ठरवते. तुम्ही नाही."

रंगमंचावर साहेब मानचिन्ह घेऊन उभे होते. ते त्यांनी मॅडमच्या डाव्या हातात दिलं आणि आपला उजवा हात पुढे केला. फोटोवाला गुडघ्यावर बसला. मॅडमनी हात धरला. मऊ, कोरडा हात. पाचही बोटं जागच्या जागी.

"सगळ्या प्रेसना गार्ड बसवा," त्या फोटोसाठी हसत, फक्त त्यांनाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या. "तोवर माझं एक पोर तुमच्याकडे येणार नाही. आणि कामावर आहेत त्यांतलं एकही बाहेर काढलंत, तर हाच माइक मागून मला सगळ्यांसमोर बोलावं लागेल."

साहेबांचं हसू होतं तसंच राहिलं. डोळे तेवढे भाऊंना शोधू लागले. फोटो निघाला. टाळ्या विरल्या. निवेदकाने पुढचं नाव घेतलं. साहेबांनी हात सोडवून घ्यायला हळूच ओढला, मग जरा जोरात.

मॅडमनी सोडला नाही.