वाळ्याचा वास

साळूबाई सोयगावहून लेकाकडं राहायला आल्या आणि तिसऱ्याच दिवशी वॉशिंग मशीन फिरायचं बंद झालं. सून श्रेयानं ऑफिसातूनच मेकॅनिकला फोन लावला. "आत्याबाई म्हणतात, फिरतच नाही. तेवढं बघून घ्या."

औरंगपुऱ्याहून भर उन्हात आलेल्या अजिनाथला साळूबाईंनी आधी फुलपात्रभर पाणी दिलं. त्यानं ते घटाघटा संपवलं. "माठात वाळा टाकला व्हय मावशी? लई झकास वास येतोय."

साळूबाई नुसत्या हसल्या.

बटण दाबलं, तशी मोटर घुमली आणि गप झाली. लाल दिवा लुकलुकला. अजिनाथच्या हाताखालून असली छप्पन्न मशीनं गेलेली. मोटर चालवणारं कार्ड उडालं, हे त्यानं झाकणही न उघडता ठरवलं. मागचा पत्रा खोलून कार्ड बदललं, तर पुन्हा तीच घूं घूं आणि तोच लाल दिवा. शेवटी डोकं खाजवत त्यानं वरचं झाकण उचललं.

टब काठोकाठ पाण्यानं भरलेला, वर तांब्या तरंगत होता आणि वास तोच, वाळ्याचा.

"काल नळ आला, आता आठ दिवस येत नाय," साळूबाई म्हणाल्या. "हंडे भरले, बादल्या भरल्या. मग एवढं मोठं भांडं रिकामं कशाला ठेवायचं?"

अजिनाथच्या घशाशी वाळा आला. "मावशी, मला आधी सांगायचं तरी."

 

"सांगितलं असतं, तर तू पेला असता व्हय?"