लवूवरची धूळ

लवू उपग्रहाच्या फोटोत सापडला. पण हे झालंच नाही असं धरून पुढे जाऊ, कारण चंद्रप्रकाशच्या नोकरीचा प्रश्न आहे.

तर, पंच्याऐंशी सालातला एक रविवार. कांदिवलीचं आभाळ कालपासून पिवळट. दोरीवरच्या कपड्यांवर धूळ, पाण्याच्या पिंपावर धूळ, चहावर साय धरावी तशी धूळ. चंद्रप्रकाश अंधेरीच्या ऑफिसात उपग्रहाचे फोटो बघून धूळ, वणव्याचा धूर कुठून निघाला, कुठे चालला, ते पांढऱ्या पेन्सिलीनं आखायचा. चाळीत याला कुणी काम मानत नसे. आज मात्र 'ही धूळ कुठली?' असं चारचौघांनी विचारलं, तेव्हा त्यानं ऐटीत ऑफिसातून गुपचूप घरी आणलेला एक टाकाऊ फोटो काढून दाखवला.

"आखातातली. वाळवंटात उठली, समुद्र ओलांडून आली."

शेजारची सुगंधा हातातल्या केरसुणीसकट आत आली. तिचा नवरा लवू आखातात गवंडीकामाला. दिवाळीपासून त्याचं पत्र नाही.

"भावजी, म्हणजे ही ह्यांच्याकडची धूळ?"

"तिकडचीच म्हणायची, वहिनी."

ती केरसुणीकडे बघत राहिली. सकाळपासून तिनं ती सगळी धूळ गटारात लोटली होती.

"मग हे कुठे आहेत ते दाखवा ना."

"वहिनी, यात अख्खा देश बोटाएवढा."

"बोटाएवढे तर बोटाएवढे."

ती बसेना. दारात जाई, परत येई, फोटो उलटा करून मागे बघे. शेवटी चंद्रप्रकाशनं घाबरून पेन्सिल टेकवली. "इथे. साधारण."

ठिपका उमटला. चहा निवायच्या आत चाळभर झालं, लवू दिसला!

लवूची आई, शेवंतीकाकी, चष्मा पुसत आली. वाकून बघितलं. "चंदू, माझो झील काळो. ह्यो पांढरो कोण?"

"ती पेन्सिल, काकी. लवू धुळीच्या खाली आहे."



"खाली म्हणजे?" सुगंधानं विचारलं.

"अहो, तसं खाली नव्हे! आपणसुद्धा आत्ता धुळीच्या खालीच आहोत की. बघा, मी चहा पितोय." त्यानं पिऊन दाखवला. दात करकरले.

काकीनं नारळ मागवला, फोटो पाटावर ठेवला आणि पदर सारखा करून गाऱ्हाणं घातलं, "बा उपग्रहा म्हाराजा, वरसून तू सगळा बघतंस. ही धूळ वायच बाजूक कर, नि माझ्या झिलाचा तोंड माका दाखय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. चंद्रप्रकाशही म्हणाला.

सुगंधाचं समाधान झालं नाही. "देवाला गाऱ्हाणं कळतं. सरकारला कसं कळणार? तुम्ही ऑफिसच्या भाषेत लिहा."

चंद्रप्रकाशनं कागद घेतला. ती उभ्यानंच, येरझाऱ्या घालत सांगत राहिली, तो लिहीत राहिला:

'...तरी माननीय साहेबांनी पुढील फोटो घेतेवेळी सदर धूळ थोडा वेळ थांबवून धरावी. तसेच फोटोत सदर इसम हललेला आल्यास फोटो बिघडला असे समजून रद्द करू नये, तोच अर्जदार पत्नीस देण्यात यावा, ही नम्र विनंती.'