मितेशची सीट

"कळलं, जानकीबाई आली. परत आली. परत आली. आता पुढे चल की रे."

समीक्षा लॅपटॉपला बोलत होती. शेजारी सुपात तांदूळ निवडत बसलेल्या सासूबाईंना, बाईजाबाईंना, ते ऐकू गेलंच.

"जानकी रोजच येते जीपला. मुरबाडला पोळ्या लाटायला जाते. त्याला काय म्हाईत नाय?"

"माहीत आहे, आई. पण मला ती एकदाच पाहिजे."

चुलत सासरे कुंडलिककाका टोकावड्याहून मुरबाडला वडापची, म्हणजे माणशी भाडं घेणारी, जीप चालवायचे. सीटवरून रोज भांडणं. म्हणून समीक्षाने व्हिडिओ बघून बघून शिकत एक ॲप केलं. ड्रायव्हर सोडून बाकी सीटांना नंबर दिले; कोण कुठे बसलं ते काका मोबाईलवर टाकायचे. प्रत्येक फेरीतल्या प्रत्येक सीटची डेटाबेसमध्ये वेगळी नोंद. आता सकाळची वेळ बदलणार होती आणि नेहमीच्या प्रत्येकाला एकेकच निरोप धाडायचा होता. म्हणून नावं हवी होती, पण एकेकदाच.

आधी ती सगळ्या नोंदी ओढून घ्यायची आणि पुन्हा आलेलं नाव बाजूला काढायची. सुपातल्या खड्यांसारखं. मग कळलं, हे काम डेटाबेसलाच सांगता येतं: 'नाव' या रकान्यातलं प्रत्येक नाव एकदाच दे. ती एक ओळ जमवण्यात दुपार गेली. श्वेता दोनदा आली, कारण एकदा तिच्या नावामागे रिकामी जागा पडली होती. ती साफ केली. शेवटी नावं आली, शहाण्यासारखी, एकेक.

खात्री करायला समीक्षाने नवऱ्याचं नाव शोधलं. मितेश रोज डबा घेऊन याच जीपने मुरबाडला जायचा, तिथून एसटीने कल्याणला, कंपनीत. यादीत दुसरं कुणी नसलं तरी तो असणारच.

तो नव्हता.

"कपाळ माझं," ती म्हणाली आणि काकांना फोन लावला. "काका, ह्यांची सीट तुम्ही टाकत नाही का?"

"घरचा माणूस तो. नाव राहून जात असल."

"घरची तर तुमची पोरगी दिपिका पण आहे. तिचं नाव बरं राहत नाही."

"ते बघू गो. तू आधी ती अक्षरं मोठी कर ना. मुंग्या फिरल्यासारख्या दिसतात."

"परवाच केली की मोठी. करते अजून. आणि चालत्या गाडीत मोबाईल घेऊ नका. गाडी सुटल्यानंतरच्या वेळा दिसतात मला. एका हातात स्टेअरिंग, एका हातात मोबाईल, वर रस्ता असा."

"जपून करतो गो," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

नाव टाकलंच नसेल तर नोंदीत तो रकानाच नसणार, आणि मग ही ओळ ती नोंद धरणारच नाही. समीक्षाने तसल्या बिननावाच्या नोंदी शोधल्या. एकही नाही. चूक आपलीच, म्हणून ओळ पुसून पुन्हा लिहिली. उत्तर तेच. शेवटी तिने सीटांचे नंबर मागितले. सकाळची फेरी रोज भरलेली, प्रत्येक सीटवर कुणी ना कुणी. रिकामी सीट असती तर निदान तिथे नवऱ्याला बसवता आलं असतं.

म्हणजे तो त्या जीपने जातच नव्हता. मग डबा घेऊन जात कुठे होता?

कंपनीत फोन करता आला असता. नंबर समोरच होता. तिने त्याऐवजी पुन्हा कोड तपासला. कोड चुकलेला असावा, असं एवढं मनापासून तिला कधी वाटलं नव्हतं.

"आई, तुम्ही काही ऐकलंय का ह्यांच्याबद्दल?"

बाईजाबाईंनी सूप पाखडलं, एकदा नव्हे, दोनदा. "आज तांदळात खडेच फार."

संध्याकाळी मितेश आला, मोरीवर हातपाय धुवायला गेला. समीक्षाने टॉवेल पुढे केला. उजवा हात कोपरापर्यंत करपल्यासारखा काळा, डावा होता तसा.

"हे काय हो?"

"खिडकीशी बसतो ना. ऊन लागतं."

"कुठल्या खिडकीशी?"

"आता खिडकीला काय नाव असतं का?" तो हसला आणि टॉवेलात तोंड घातलं.

चहाला काका आले. ओटीवर बसताना त्यांनी हाताने पाट चाचपला. समीक्षाने लॅपटॉप बाहेर आणून सगळ्यांच्या मधोमध ठेवला.

"काका, आज सकाळी जीपला किती माणसं होती?"

"भरली होती."

"हे आले होते?"

"आला होता तर. विचार त्याला."

"कुठे बसले होते? एकेक सीट बघितली मी. जानकीबाई आहे, श्वेता आहे, सोमा आहे त्याच्या कोंबड्यांसकट. माझाच नवरा तेवढा नाही." तिचा आवाज चिरकला. "दिवसभर मी त्या मशीनला शिव्या घातल्या. ते खोटं बोलत नसेल, तर इथे कोण बोलतंय तेवढं सांगा. दुसरं घर केलंय का ह्यांनी?"

मितेशने कप खाली ठेवला. काका अंगणाकडे बघत राहिले, पण त्यांची नजर कशावरच ठरत नव्हती.

"वयनी, नको," ते बाईजाबाईंना पुटपुटले. "माझं लायसन..."

"गप रे," बाईजाबाई म्हणाल्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "कंपनी बंद पडून दोन म्हैने झाले गो, आन् या कुंडलिकला तर समोरचा बैल दिसत नाय, हा मागच्या फळीवर उभा असतो. तू ज्याला शिटाशिटावर शोधतेस, तोच गाडी चालवतो."