बाबा घरी आलेत

बर्फावरच्या तंबूत तागाकने रेडिओची तार भाल्याला बांधली. आधी ग्रीनलंडची भजनं लागली, मग रशियन बडबड, आणि शेवटी खरखरीतून गावची निवेदिका बोलली: “तागाक, तुझे बाबा घरी आलेत!” मेहुण्याने पाठीत धपाटा घातला. “दाजी, ताई सुटली! मुलगा झाला!” महिन्यापूर्वी बर्फ फुटून बाबा समुद्रात वाहून गेलेले, गावाने आशाच सोडलेली. गेलेल्याचं नाव बाळाला द्यायचं आणि बाळालाच बाबा म्हणायचं, ही त्यांच्याकडची रीतच. तागाकचे डोळे भरले. बाबांचा घरी राहिलेला पाइप त्याने आठवण म्हणून आणला होता; तोच आता शिलगावला. खरखर निवळली. “...बोटं गारठलीत, पण भरपूर जेवलेत. विचारतात, माझा पाइप कुणी पळवला?” मेहुणा बावचळला. “आजच जन्मलेलं पोर पाइप मागतंय?” तागाकने पाइप घाईघाईने तोंडातून काढला आणि बाहीने पुसला.