गावाच्या ग्रुपवरची अफवा

सकाळी आठला गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मथुराबाईंचा मेसेज आला : "नळाच्या पाण्याले वास येऊन राह्यला. नातीले उलट्या लागल्या. कोणी पिऊ नका."

लगेच सरपंचांचा फोन आला, "अक्षय, ॲडमिन तू हायेस ना बे? अशा अफवा कायले चालू देतं?" अक्षयने मेसेज डिलीट केला आणि ग्रुपवर यापुढे फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल, असं करून टाकलं.

त्याने मागवलेले पाण्याचे दोन कॅन दुपारी दारात उतरले. बायको मोनाली म्हणाली, "अफवा होती म्हन्ता नं? मंग हे कॅन काहून बोलावले?"

 

संध्याकाळी मथुराबाईंच्या नातीला नेरच्या दवाखान्यातून यवतमाळला हलवलं. अक्षयने ग्रुपवर अजून एक ओळही लिहिलेली नाही.